पंधरा मिनिटांचे मिस्टर हॅलक

माणूस किती वेळ बसणार आहे, हे त्याच्या हॅटवरून ओळखावं. दार उघडण्याच्या नोकरीत माझी हयात गेली, एवढं तरी मला कळतंच. भेटीला आलेला गृहस्थ हॅट हातात घेऊनच वर दिवाणखान्यात जातो, ती गुडघ्यावर नाहीतर खुर्चीखाली ठेवतो आणि 'हा काय, निघालोच' असा चेहरा करून बसतो. खाली दाराजवळच्या खुंटीवर हॅट टांगायची ती फक्त घरच्या पुरुषांनी. पाहुण्याने ती तिथे टांगली, तर तासाभरात ही बातमी गल्लीतल्या चार स्वयंपाकघरांत पोचते.

मी ट्रॉट. माझं पाळण्यातलं नाव हेस्टर, पण लंडनच्या मेफेअरमधल्या लॅम्बर्नांच्या घरात ते कुणी वापरलं नाही. आमचा म्हातारा बटलर वारला तेव्हा नवा बटलर ठेवण्यापेक्षा मला कडक इस्त्रीचा एप्रन घालून दारात उभं करणं लेडी लॅम्बर्नना सोयीचं वाटलं. राणीसाहेबांनी नवऱ्याच्या शोकात काळे कपडे घातले त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती, आणि आमच्या मिस रोवेनाला सव्वीस. दोन्ही गोष्टींवर बाईसाहेब सारखेच सुस्कारे टाकत.

मिस रोवेना दिसायला छान होती, पण तिला मोठ्याने हसायची खोड होती. पंख्याआड तोंड लपवून हसायला तिला तीन शिकवणीवाल्या बायांनी शिकवलं आणि तिघीही हरल्या. लंडनचे दोन उन्हाळे, म्हणजे लग्नाच्या बाजाराचे दोन हंगाम, त्या हसण्यापायी फुकट गेले, असं बाईसाहेबांचं मत. हा तिसरा होता. तिसऱ्या उन्हाळ्यात नाही म्हणणाऱ्या मुलीला चौथा मिळत नाही, तिची रवानगी यॉर्कशरच्या आत्याकडे होते. आत्याकडे सात कुत्री होती आणि त्यातली पाच आजारी होती.

दर मंगळवारी तीन ते पाच बाईसाहेब 'घरी' असत. बाकीच्या दिवशीही घरीच असत, पण तेव्हा ते मला दारात नाकारावं लागे. अशाच एका मंगळवारी मी दार उघडलं तर पायरीवर एक लांबोळका, करडा कोट घातलेला गृहस्थ, एका हातात हॅट, दुसऱ्या हातात घड्याळ.

"मी ॲम्ब्रोज हॅलक," माझ्या एप्रनच्या गाठीकडे बघत तो म्हणाला. "आत्ता तीन वाजून चार मिनिटं झालीत. मी तीन वाजून एकोणीस मिनिटांनी निघेन. तेव्हा तुम्ही दाराशी असाल का?"

"असेन की, सर. मी जाणार कुठे?"

"ते मला माहीत नाही," तो म्हणाला, आणि तेही अगदी मनापासून. "आपलं नाव?"

"ट्रॉट."

"आभारी आहे, मिस ट्रॉट."

मला 'मिस' म्हणणारा पाहुणा मी त्याआधी पाहिला नव्हता. थट्टा करतोय असं वाटून मी नाक मुरडलं. नाव मात्र ओळखीचं होतं. व्हायकाउंट हॅलकांचे, म्हणजे बड्या सरदारांचे, हे धाकटे, तिसरे चिरंजीव. वय तीस, उद्योग काही नाही, आणि 'थोडे तसेच' अशी ख्याती.

वर दिवाणखान्यात बाईसाहेब दोन-तीन बायकांना घेऊन बसल्या होत्या. मी चहा मांडत होते. बाईसाहेबांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "काय मेला पाऊस हा! असला ओला मे महिना मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

"नाही, बाईसाहेब," मिस्टर हॅलक म्हणाले. "गेल्या अकरा वर्षांतला हा कोरडेपणात तिसरा मे आहे."

सगळ्यांचे कप हवेतच राहिले. आमच्यात हवेच्या गोष्टीवर मान डोलवायची असते. त्यावर मत द्यायचं नसतं, आणि आकडा तर मुळीच नाही. तेवढ्यात खिडकीपाशी मिस रोवेना खो खो हसली. आणि मग तिने असलं काही विचारलं, जे तिला कुठल्याच शिकवणीवालीने शिकवलं नव्हतं, "तुम्हाला कसं कळलं?"

झालं! त्या माणसाचा चेहरा असा उजळला की मी साखरेचा चिमटा हातात धरून बघतच राहिले. तिच्याकडे नाही, शेकोटीच्या जाळीकडे बघत तो बोलायला लागला. अकरा वर्षं, रोज सकाळी नऊ वाजता, वडिलांच्या बागेत, बाटलीत पडलेला पाऊस तो मोजत होता. दोनदा ताप असताना आणि एकदा आजोबा वारले त्या सकाळीही. "बाटलीवर जे नरसाळं बसवायचं," तो म्हणाला, "त्याची कड —"

घड्याळात तीन एकोणीस झाले. तो उठला, तीन वेळा वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. वाक्य तिथेच लोंबकळत राहिलं.

पुढच्या मंगळवारी तो आला, त्याच खुर्चीवर बसला, हॅट गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "— पितळेची हवी. पत्र्याची वाकते."

"आणि रुंदी किती?" मिस रोवेनाने विचारलं. जणू तो मधले सात दिवस फक्त खोकायला थांबला होता. काय ते मला तिथेच कळलं.

खाली स्वयंपाकघरात मी हे सांगितलं तेव्हा आमची आचारीण मिसेस टकवेल लाटणं टाकून हसली. "अगं ट्रॉट, डोक्यात फरक आहे का गं त्याच्या?"

"असेल बाई. त्याच्या खुर्चीवर आज कर्नलीणबाई बसल्या होत्या, तर हा पंधराच्या पंधरा मिनिटं उभा! आणि मखमलीला हात लागला की असा झटकतो, जणू विस्तवच."

"आणि आपली पोरगी?"

"आपली पोरगी त्याच्यासाठी सज्ज्यात मुरंब्याची बरणी ठेवून बसलीय. पाऊस मोजायला."

ती बरणी मी शुक्रवारी सज्ज्यातल्या कुंडीत ओतून, घासून, पालथी घालून ठेवली. मला कुणी सांगितलं होतं? मिस रोवेनाने माझी अशी हजेरी घेतली की विचारू नका. मंगळवारी तिने मान खाली घालून त्याला कबुली दिली. त्याने वही काढली, विचार केला आणि शुक्रवारच्या रकान्यात लिहिलं, 'ट्रॉट'. ती वही अजून आहे. इंचांच्या आकड्यांमध्ये एका दिवशी लंडनमध्ये ट्रॉट पडली आहे.

मीही हसत होते, खोटं कशाला बोलू? पण एकदा दार उघडताना मी गुडघा धरून 'आई गं' केलं आणि सवयीने म्हणाले, "पाऊस येणार, सर. माझा गुडघा सांगतो." दुसरा कुणी असता तर माझ्याकडे हॅटच्या कडेइतकंही लक्ष दिलं नसतं. यांनी विचारलं, कुठला गुडघा, किती वेळ आधी दुखतो, रात्री की सकाळी. त्यानंतर दर मंगळवारी हाच पहिला प्रश्न. सातव्या मंगळवारी म्हणाले, "मिस ट्रॉट, तुमचा गुडघा बावीसपैकी सतरा वेळा बरोबर आला आहे. वर्तमानपत्रापेक्षा चांगला आहे." चौतीस वर्षांत माझ्या गुडघ्याची कुणी एवढी कदर केली नव्हती.

आणि मग मिस्टर हॅलकांच्या घरच्या मोलकरणीने मला एक जुनी गोष्ट सांगितली. सहा वर्षांपूर्वी ते अशाच एका घरी भेटीला गेले आणि पावसाबद्दल चार तास बोलत बसले. बायकांनी जांभया दिल्या, पंखे आपटले, पण यांना कळलं नाही. शेवटी घरमालकिणीने चांदीच्या तबकात त्यांची हॅट ठेवून, नोकराच्या हाती, भर दिवाणखान्यात त्यांच्यापुढे पाठवली. सगळे हसले. काय विनोद झाला म्हणून तेही हसले. मग त्यांना कळलं. त्या उन्हाळ्यात कुणी कंटाळवाणं बोलायला लागलं की लंडनभर लोक म्हणत, "अरे, हॅट पाठवा रे!"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी शिष्टाचाराचं पुस्तक आणलं आणि पानांच्या आकड्यांसकट पाठ केलं. भेट पंधरा मिनिटांची, असं त्यात लिहिलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्यांचं झालं. सोळावं मिनिट त्यांनी पुन्हा कधी कुणाच्या घरी पाहिलं नाही. ही गोष्ट ऐकल्यावर मी हसायची थांबले, आणि मिसेस टकवेललाही थांबवलं.

हे सगळं चाललं होतं तोवर सर गॉडफ्रे बेल्चर उगवले. वय बावन्न, दोन बायका पुरलेल्या, तीन घरं. आपला विनोद सांगण्याआधीच स्वतः हसायचे, म्हणजे नंतर कुणी हसलं नाही तरी चालेल. दीड-दीड तास बसायचे, हॅट पियानोवर फेकायचे, मला "ए, काय गं तुझं नाव" म्हणायचे. पंधरा मिनिटांचा नियम तीन घरं असलेल्यांना लागू नसतो. बाईसाहेब त्यांच्यावर भलत्याच खूश होत्या.

"मला दिवसातून दहा वेळा कुणीतरी सांगतं की मी मोहक आहे," एकदा केस विंचरून घेताना मिस रोवेना मला म्हणाली. "मिस्टर हॅलकांनी काय सांगितलं माहितीये? की माझ्या खिडकीवरची पन्हळ ऑगस्टच्या आत गळेल."

"आणि?"

"काल गळली." आरशात तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं. "ट्रॉट, खरं बोलणारं माणूस मी त्याच्याआधी पाहिलंच नव्हतं गं."

जुलैच्या दुसऱ्या मंगळवारी मिस्टर हॅलक नवा गळपट्टा बांधून आले. गुडघ्याची चौकशी केली, पण उत्तर लिहून घ्यायचं विसरले. मी समजले, आज काहीतरी आहे. चहाचं निमित्त करून मी खिडकीजवळच घुटमळले.

"मिस लॅम्बर्न," ते शेकोटीच्या जाळीला म्हणाले, "पाऊस मोजताना पहिली अट अशी, की बाटली मोकळ्या जागी हवी..." मग बाटली आली, अकरा वर्षं आली, एकट्याने मोजणं आलं, दोघांनी दोन ठिकाणी मोजलं तर आकडा किती भरवशाचा होतो तेही आलं. मी चहा तिसऱ्यांदा ओतला. "... आणि म्हणून मला आपल्याला असं विचारायचं आहे की —"

तीन एकोणीस. उठले, तीनदा वाकले आणि गेले. मला वाटलं, हातातली किटली त्यांच्या पाठीवर भिरकवावी.

"असं होत राहिलं तर लग्न लागेपर्यंत पोरीचे दात पडतील," मिसेस टकवेल म्हणाली.

पुढचा मंगळवार सर गॉडफ्रेंनी खाल्ला. ते तिच्या शेजारी असे पसरून बसले की मिस्टर हॅलक पंधरा मिनिटं 'की'वर तोंड उघडं ठेवून बसले आणि निघून गेले. त्या संध्याकाळी बाईसाहेबांनी फर्मान काढलं. पुढच्या बुधवारी सर गॉडफ्रे उत्तर न्यायला येणार आणि ते उत्तर 'हो' असणार. गुरुवारी सामान गावाकडे निघणार. 'नाही' म्हणायचं असेल तर सामान यॉर्कशरला जाईल, आत्याच्या कुत्र्यांकडे.

म्हणजे हाती राहिला एक मंगळवार, आणि त्यातली पंधरा मिनिटं. बाईने आधी बोलायचं नाही, आणि कुमारिकेने परक्या पुरुषाला चिठ्ठी लिहिली तर दुसऱ्या दिवशी तिला तोंड दाखवायची सोय राहत नाही. त्यांनी तरी चिठ्ठी लिहावी, तर पुस्तकात लिहिलं होतं, 'शक्यतो समक्ष विचारावे'.

मग मी माझी अक्कल चालवली. मंगळवारी दुपारी दिवाणखान्यातलं शेकोटीवरचं घड्याळ मी वीस मिनिटं मागे केलं. म्हटलं, बसेल गडी पस्तीस मिनिटं, तेवढ्यात काय ते होऊन जाईल. अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा.

मिस्टर हॅलक आले, खुर्चीवर बसले, तोंड उघडलं, घड्याळाकडे बघितलं. मग खिशातल्या घड्याळाकडे. मग पुन्हा त्या घड्याळाकडे. त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणाचा पाय मोडलेला पाहताहेत.

"हे मागे आहे," ते म्हणाले. "वीस मिनिटं. माफ करा, मला असं बसवत नाही." आणि उठून ते घड्याळाची पाठ उघडून बसले! एकदा लावलं. मग ते पुन्हा मागे पडतंय का, हे बघायला थांबले. सर गॉडफ्रे पियानोपाशी खिदळत होते, "घड्याळजी आलाय वाटतं आज!" बायका पंख्याआड फुसफुसत होत्या. मी किटली धरून उभी होते आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं. मिस रोवेनाने माझ्याकडे एकदाच बघितलं. तिला कळलं घड्याळाला कुणाचा हात लागलाय ते.

"आता बरोबर आहे," मिस्टर हॅलक समाधानाने म्हणाले. "तीन वाजून अठरा मिनिटं." खुर्चीवर परत बसून त्यांनी हॅट उचलली. "मिस लॅम्बर्न, मागच्या वेळचं वाक्य राहिलं आहे. ते सप्टेंबरमध्ये, आपण गावाहून परत आल्यावर —"

सप्टेंबरपर्यंत तिच्या बोटात सर गॉडफ्रेंची अंगठी असणार होती. आणि यांना ते कळत नव्हतं, कारण ते कुणी सरळ शब्दांत सांगितलंच नव्हतं. आमच्यात सांगत नाहीत, समजून घ्यायचं असतं.

मिस रोवेना उठून उभी राहिली.

"ट्रॉट," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मिस्टर हॅलकांची हॅट घे."

ते पांढरेफटक पडले. ती चांदीच्या तबकातली हॅट त्यांच्या डोळ्यांपुढे आली हे मला स्पष्ट दिसलं. "माफ करा," ते पुटपुटले, "अजून एक मिनिट होतं, मी मोजलं होतं —" आणि त्यांनी मान खाली घालून हॅट माझ्या हातात दिली.

"आणि खाली नेऊन," मिस रोवेना म्हणाली, "बाबांच्या शेजारच्या खुंटीवर टांग."

एका बाईच्या हातातला चमचा बशीत पडला. "रोवेना!" बाईसाहेब किंचाळल्या. सर गॉडफ्रे पियानोवरून सरळ झाले. सगळ्या खोलीला कळलं होतं. फक्त एकाच माणसाला अजून कळायचं होतं, आणि तो पायरी पायरीने तिथे येत होता.

"पान एक्केचाळीस," मिस्टर हॅलक हळूच म्हणाले. "हॅट खाली टांगणे हा केवळ घरच्या माणसाचा अधिकार आहे."

"हो."

"मी घरचा नाही."

"नाही."

"आणि पंधरा मिनिटांचा नियम पाहुण्यांसाठी आहे. घरच्या माणसासाठी असा नियमच दिलेला नाही. मी पाहिलं आहे." ते थांबले. आणि मग अकरा मंगळवारांत पहिल्यांदाच त्यांनी शेकोटीची जाळी सोडून तिच्याकडे बघितलं. "म्हणजे मी ते वाक्य पूर्ण करावं, असं आपलं म्हणणं आहे का?"

"कराल तर बरं होईल," मिस रोवेना म्हणाली. ती हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही, मलाच नीट दिसत नव्हतं.

"— आपण माझ्याशी लग्न कराल का," त्यांनी दोन आठवड्यांपूर्वीच्या 'की'ला जोडून टाकलं.

"हो," ती म्हणाली, आणि घड्याळात तीन एकोणीस झाले, आणि ते उठले नाहीत.

मी हॅट छातीशी धरून जिना उतरले आणि साहेबांच्या शेजारच्या खुंटीवर टांगली. तासाभराने साहेब क्लबातून आले, स्वतःची हॅट टांगायला गेले आणि थबकले.

"ही कुणाची?"

"जावयांची, साहेब."

"बरं," साहेब म्हणाले. "जेवायला काय आहे?"

बाईसाहेबांना मूर्च्छा आली, पण नवरा मुलगा व्हायकाउंटचा हे आठवून ती लवकर उतरली. सर गॉडफ्रेंनी त्याच शरद ऋतूत एका विधवेशी लग्न केलं. ती त्यांच्याहून मोठ्याने हसते असं ऐकलं. मिस्टर हॅलक त्या दिवशी दोन तास चाळीस मिनिटं बसले, आणि शेवटी त्यांना घरी जा म्हणून सांगावं लागलं. ते मिस रोवेनाने सांगितलं, सरळ शब्दांत, तेव्हा ते आनंदाने गेले.

लग्नानंतर मी त्यांच्याच घरी आले. एकोणीस वर्षं झाली. अंगणात पितळी कडेचं नरसाळं आहे आणि सज्ज्यात मुरंब्याची बरणी, आणि दोन्हींना हात लावायची मला मनाई आहे. रोज दुपारी दोघं चहाला बसतात. ते काहीतरी सांगत असतात, आणि पंधरावं मिनिट आलं की वाक्य अर्धं सोडून उठतात, तीनदा वाकतात, हॅट शोधायला लागतात. हॅट नसते. मॅडम हातातल्या पुस्तकातून मान वर न करता म्हणतात, "खाली आहे, ॲम्ब्रोज. खुंटीवर."

"अरे हो," ते म्हणतात, आणि परत बसतात.

माझा गुडघा आता कामातून गेलाय आणि मला जिना चढायची गरजही नाही, चहा न्यायला दुसरी मुलगी आहे. तरी पंधरावं मिनिट व्हायच्या सुमाराला मी काहीतरी निमित्त काढून वर जाते. परत खुर्चीत बसताना त्यांचा चेहरा कसा होतो, तेवढा मला बघायचा असतो.